पेवातला दिवा

माझ्या भावाला वाटलं होतं, आक्का सही करील. आमच्याकडच्या सगळ्याच आक्का करतात. बाप गेला की वर्षाच्या आत बहिणींनी तहसीलला जायचं, हक्कसोड पत्रावर सही ठोकायची, जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, बदल्यात साडीचोळी घ्यायची आणि डोळे पुसत एसटीत बसायचं. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पोरांना प्रयोग मांडून दिले. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मला जमीन कशाला हवी होती? खरं सांगते, मलाही ठाऊक नव्हतं. पण कागद समोर आला, पेन हातात दिलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, करत नाही सही, जा.

ते झालं येळवशीच्या दिवशी. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातुरात आणि आमच्या देगलूर-मुखेडच्या डोंगरपट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग शेंगाभाज्यांची भज्जी, भाकरीच्या पिठाचे उंडे, खीर आणि बिंदगीभर, म्हणजे मडकंभर, आंबवलेल्या ज्वारीची आंबील. जेवणाआधी रानाच्या मालकानं तांब्यात आंबील घेऊन ‘ओलगे ओलगे’ म्हणत रानभर शिंपायची. अर्थ कुणाला विचारू नका, कुणालाच येत नाही. बाप होता तोवर बापानं शिंपली, नंतर भावानं. मी साठीला टेकले तरी माझं काम आपलं भाकरीची दुरडी धरून मागं चालायचं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वाईट नाही तो. मी गावी आले की अजून स्टँडवर न्यायला येतो, पिशवी माझ्या हातातून ओढून घेतो. पण जमीन म्हटली की त्याचा चेहरा बापासारखा होतो. त्यानं भर पंगतीत, चार पाहुण्यांपुढं, हात वर करून डोंगराकडं बोट दाखवलं. तिथं आमचा माळ होता, वीस गुंठे. वर खडक, खाली मुरूम, मधे कुसळं. शेळ्यासुद्धा तिथं नाइलाजानं चरायच्या.

“आक्का, तीन येळवशी देतो तुला,” तो म्हणाला. “तिसऱ्या येळवशीला त्या माळावरचं कायतरी ह्या पंगतीत वाढून दाखव. दाखवलंस तर माळ तुझा. न्हाईतर सही.”

पाहुणे हसले. मी हावरटासारखं लगेच हो म्हटलं. रागात माणूस काहीही कबूल करतो.

द्राक्षाचं कसं सुचलं तेही सांगते, म्हणजे माझ्या अकलेची कल्पना येईल. लातूरकडं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मळा होता. त्यानं वाईनची द्राक्षं लावली होती, बारीक मणी, जाड साल, आत बिया. घेणारा राहिला नाही म्हणून तो वेली उपटत होता. मी गेले तर बांधावर काड्यांचे भारे पडलेले. म्हणाला, न्या फुकट, नाहीतर चुलीत जाणार. मी विचारलं, खडकाळ जागेत येतील का? तो म्हणाला, ह्यांना लाडच सोसत नाहीत, थोडं उपाशी ठेवलं की बरी येतात. मला वाटलं, ही तर माझीच जात. दोन भारे काड्या एसटीच्या टपावर टाकून आणल्या.

त्या काड्या मुळ्या फुटेस्तोवर पिशव्यांत ठेवल्या, गावीच मुक्काम ठोकला आणि आषाढात त्या माळावर लावल्या. दोन गडी लावून खड्डे खणले. मुरमात पहार पडली की ठण्‌ण आवाज यायचा आणि गडी माझ्याकडं दयेनं बघायचे. दीडशे रोपं लावली. पाऊस गेला तसं प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगली आणि नळीतून थेंब थेंब पाणी सोडलं. पाणी खालच्या विहिरीवरून घागरीनं आणायचं. गावानं माळाला नाव ठेवलं, आक्काचा दवाखाना. येताजाता विचारायचे, पेशंट कसे हायेत? मी म्हणायची, तुमच्यापेक्षा बरे. पहिल्या येळवशीला माळावर काठ्या होत्या आणि काठ्यांना चार चार पानं. भाऊ आंबील शिंपत माझ्या माळावरनंही फिरला. मला ते झोंबलं, तरी दुरडी धरून मागं चालले. अजून रान त्याचंच होतं.

खरा दणका दुसऱ्या वर्षी बसला. चाळीस रोपं मेली, एकशे दहा खांबांना ताणलेल्या तारेवर चढली. त्यांची छाटणी कधी करायची विचारायला मी लातूरच्या त्या मित्राला फोन केला. त्यानं सांगितलं, दसरा झाला की करा, म्हणजे फळ फाल्गुनात येईल. मी म्हटलं, म्हणजे येळवशीला काय असेल? तो म्हणाला, हिरवे आंबट मणी, आणखी काय. मी फोन ठेवला आणि भावाकडं गेले. तो गोठ्यात होता. त्याला विचारलं, येळवशीला द्राक्ष पिकत नाही, तुला ठाऊक होतं? तो खाली मान घालून म्हशीला पेंड चारत राहिला. म्हणाला, मला वाटलं तुला म्हाईत आसंल. तोंडातल्या तोंडात हसूही होतं. असा संताप आला, वाटलं तीच पेंडीची पाटी त्याच्या डोक्यावर पालथी घालावी. वर म्हणतो, कोल्ह्यानं आंबट म्हणून सोडली ती द्राक्षं आमी पंगतीत वाढायची व्हय?

त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, हे ऐकलं. ती कमी बोलणारी बाई. आंबील मात्र पंचक्रोशीत तिच्यासारखी कुणाची नाही. येळवशीला शेजारच्या रानातली माणसं तांब्या घेऊन रांग लावतात. ज्वारीच्या पिठाचं आंबवण कधी पुरं झालं हे तिला मडक्याला कान लावून कळतं. ती मला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, बेदाणे करा की आक्का. मी म्हटलं, बियांचे बेदाणे कोण खाणार? ती म्हणाली, मग आंबवा.

वाईन! मी हसले आणि हसता हसता थांबले. मी कॉलेजात बत्तीस वर्षं काढली होती. साखर आंबली की काय होतं ते फळ्यावर लिहिलेलं हजारदा पुसलं होतं. घरापुरती करायची, विकायची नाही, तरी परवान्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाच खेटे घातले. खिडकीतला माणूस चष्म्यावरून बघून म्हणाला, ह्या वयात? मी म्हटलं, ह्याच वयात जमतं. कागद मिळाला.

दुसऱ्या येळवशीला वेलींना घड लागले होते, हिरवेगार, मणी तोंडात टाकला की डोळे मिटावेत इतके आंबट. भाऊ शिंपायला आला, घड बघून जागीच थांबला, एक मणी तोडून खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि पुढं गेला. पण थांबला होता. मी बघितलं.

माघात पहिले काही घड काळे पडले. ते मी घाईनं तोडले, चुरगळले, लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरले आणि बरणीचं तोंड पांढरी माती नि शेण कालवून लिंपून टाकलं. आमच्याकडं जे जपायचं ते असंच लिंपतात. धान्य लिंपतात, बी लिंपतात. हवा नाही, कीड नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भावाच्या स्वयंपाकघरात असा धडाका झाला की शेजारीण सिलिंडर फुटला म्हणून ओरडत धावली. छतापर्यंत लाल. बरणीचे तुकडे पिठाच्या डब्यात. पुराणातली वांगी पुराणात म्हणतात ती अशी. आंबताना वायू सुटतो, त्याला वाट द्यायला हवी, हे मीच तर पोरांना सांगायची. भाऊ भिंतीवरचे शिंतोडे बघत म्हणाला, आक्का, पंगतीत वाढायच्या आधीच वाढलंस की.

आणखी एक अडचण होती. फाल्गुनात आमच्याकडं पत्रे तापायला लागतात. घरात मडकं ठेवलं तर त्याचा सडका शिरका, म्हणजे व्हिनेगर होणार, वाईन नाही. गारवा आणायचा कुठून? तेव्हा मला पेव आठवलं.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, आत उतरलं की दोन पुरुष खोल, गोल, पोटासारखं फुगलेलं. आमच्या आज्यानं ते माळाच्या कडेला मुरमात खणलं होतं. पन्नास वर्षं त्यावर शिळा पडून होती. ते उघडायचं कसं, हे गावात आता एकाच माणसाला नीट ठाऊक होतं. ते शेजारच्या रानाचे मालक, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं निवृत्त झालेले गुरुजी. सकाळी लवकर मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी जयभीम केला, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “बाई, माझ्या बापानं उभ्या गावाची पेवं उघडली. कारण आत जीव गेला तर तो त्याचा जायचा, पाटलाचा न्हाई. मी कुणाचं पेव उघडत न्हाई. पण कसं उघडायचं ते तुम्हाला शिकवतो. उघडायचं तुम्हीच.”

मी मान खाली घातली. आमच्या आज्याच्या पेवात त्यांचा बाप उतरला असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

शिळा मी आणि भावजयीनं पहारीनं सरकवली. गुरुजी बांधावर छत्री घेऊन बसले आणि सांगत राहिले. एक दिवस तोंड उघडं ठेवा. मग दोरीला कंदील बांधून आत सोडा. तळाला जाऊन जळत राहिला तरच उतरा. कंदील जळत राहिला. मी शिडीनं उतरले. आत किती गार! पायाखाली पन्नास वर्षांपूर्वीच्या ज्वारीचं काळं भुसकट, भिंतीला हात लावला तर ओलसर गारवा. मला रडूच आलं. आज्यानं धान्यासाठी खणलं, मुलग्यांना दिलं, आणि आज त्यात पहिल्यांदा घरातली पोर उतरली होती.

होळीच्या आधी बाकीचे घड उतरवले. भावजय आणि मी परातीत हातांनी चुरगळले. दोघींचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले, आठवडाभर गेले नाहीत. दोन रांजण भरले, शिडीवरनं दोर लावून पेवात उतरवले, तोंडावर नुसतं फडकं टाकलं. या खेपेला लिंपलं नाही.

तिसऱ्या दिवशी सालं वर येतात, ती खाली ढकलावी लागतात. मी पहाटे शिडी लावली. गुरुजी आपल्या रानाला पाणी द्यायला आले होते, त्यांनी बांधावरनंच हाक मारली. कंदील? मी म्हटलं, परवाच तर सोडला होता गुरुजी, हवा मोकळी झालीय. ते म्हणाले, तरी सोडा. मला वेळ नव्हता, चिडचिड होत होती. मनात म्हटलं, म्हातारा माणूस, जुन्या सवयी. त्यांच्या समाधानासाठी कंदील पेटवला आणि दोरीनं खाली सोडला.

चार हात गेला असेल. ज्योत लहान झाली, निळी पडली आणि विझली.

कर्बवायू. हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, जळती काडी विझवतो. हा प्रयोग मी बत्तीस वर्षं मांडून दिला होता, प्रत्येक नव्या वर्गाला, आणि आज मी त्यातच उतरत होते. शिडीला पाय लावलेला होता माझा. गुरुजी धावत आले. त्यांनी विझलेला कंदील बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग हळूहळू हसू.

“घाबरू नका बाई,” ते म्हणाले. “दिवा इझला म्हणजे खाली काय तरी जितं हाय. तुमची वाईन श्वास घेऊन राहिली.”

मी रडत रडत हसले. अशी हसले की गुरुजीही हसायला लागले. त्या मुरमात, त्या दवाखान्यात, दीडशे पेशंटांतनं वाचलेल्या एकशे दहांनी खाली अंधारात श्वास घ्यायला सुरुवात केली होती.

मग कुणीही उतरलं नाही. भावजयीनं ताकाची मोठी रवी आणली, लांब बांबूला घट्ट बांधली, आणि आम्ही वरूनच बांबूनं फडकं सारून रांजण घुसळायला लागलो, सकाळ-संध्याकाळ. रोज कंदील सोडायचा. पहिले दिवस चार हातांवर विझायचा, मग पाच हातांवर, मग सहा. दहाव्या-बाराव्या दिवशी तो तळाला टेकला आणि जळत राहिला. गुरुजींनी आणखी दोन दिवस थांबवलं, मग उतरू दिलं. कॉलेजात मोजायला यंत्रं होती. पण ह्या कंदिलाइतकं खरं कुठलंच नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

धुतलेल्या धोतराच्या फडक्यातनं रस गाळला, काचेच्या बरण्यांत भरला. बुचांना भोकं पाडली, मेडिकलमधनं आणलेली सलाईनची नवी नळी त्यात खोचली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, म्हणजे वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. बरण्या परत पेवात. शिळा ओढली. नऊ महिने मी नांदेडमध्ये गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, जिन्यावर, त्या अंधारातल्या बरण्यांचाच विचार करत होते. शिरका झाला असेल का? मुलीनं फोनवर विचारलं, आई, एवढा जीव का टांगतेस, मी देते ना तुला पैसे. मी म्हटलं, बाई, पैशाची गोष्टच नाही ही. मला माझ्या बापाच्या रानात मागं चालायचं नाही आता, एवढंच. ती म्हणाली, मी येते येळवशीला.

तिसरी येळवस. पेवाची शिळा आदल्या दिवशीच सरकवून ठेवली आणि कोप मी माझ्या माळावर घातली. भाऊ सगळ्यांना घेऊन वर आला, कपाळाला आठ्या, शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद. मला दिसला. लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

पंगत बसली. भज्जी वाढली, उंडे वाढले, खीर वाढली. मग मी कंदील सोडून, खात्री करून पेवात उतरले आणि एक बरणी वर आणली. बूच काढलं. वास घेतला. शिरका नव्हता! जांभळासारखा, थोडा मातीचा, थोडा रानाचा वास. मी स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले आणि भावाच्या पत्रावळीशेजारी ठेवले. सगळी पंगत हातातला घास थांबवून बघत होती.

भाऊ पेल्याकडं बघत म्हणाला, देवाच्या पंगतीला दारू वाढतीस, आक्का? हे चालायचं न्हाई. पाहुण्यांनी माना हलवल्या. तीन वर्षं, आणि ह्या एका शब्दावर सगळं जाणार होतं.

तेव्हा माझी भावजय उठली. तिच्या हातात आंबिलीचा तांब्या होता. लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली, चारचौघांत नवऱ्यापुढं ती बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

“मग ही काय हाय?” तिनं तांब्या पुढं केला. “ही बी आंबूनच आलीय. माझी आंबील देवाला चालती आन् आक्काची न्हाई? दोन्ही आमच्याच हातची हाय.”

गुरुजी पंगतीच्या टोकाला बसले होते, माझ्या बोलावण्यावरनं. त्यांनी आपला पेला पुढं केला. मी ओतली. मुलीनं पेला पुढं केला. मग पाहुण्यांतला सगळ्यात म्हातारा. भाऊ बघत राहिला. मग त्यानं आपला पेला उचलला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं करील वाटलं. नाही केलं. घोट त्यानं तोंडात बराच वेळ धरला, गिळला, परत घेतला.

“आपल्या माळाची चव हाय,” तो म्हणाला.

जेवणं अर्धी राहिली. शिंपायची वेळ झाली. भाऊ उठला, बायकोच्या हातातनं तांब्या घेतला, सवयीनं दोन पावलं रानाकडं चालला आणि थांबला. खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि चुलीत टाकले. मग मागं वळून तो तांब्या माझ्या हातात दिला.

“ज्याचं रान त्यानं शिंपायची आसती, आक्का,” तो म्हणाला.

सातबाऱ्यावर नाव चढायला पुढं सहा महिने लागले, ते तलाठ्याचं काम, त्याला मी दोष देत नाही. पण रान माझं त्या दुपारी झालं. मी तांब्यात उरलेली वाईन ओतली, आंबील गुलाबी झाली. ओलगे ओलगे म्हणत मी पहिला शिंतोडा पेवाच्या तोंडावर टाकला, दुसरा गुरुजींच्या बांधाकडं, आणि मग तारेच्या ओळींमधनं चालत सुटले. मागं भाऊ चालत होता, भाकरीची दुरडी धरून.